हेलसिंकी–टोकियो : साडेनऊ तास की तेरा तास? एका अंतराचा इतिहास

आपल्याकडे अंतर विचारलं की लोक बहुतेक वेळा वेळच सांगतात. "पुणं किती लांब?" "तीन तास." आजीच्या तोंडी कोस असायचा, पण तोही चालणाऱ्याच्या पायांनी मोजलेला. अगदी जवळची जागा तर "हाकेच्या अंतरावर" असते. शाळेत गेल्यावर आपण शिकतो की हे सगळं ढोबळ आहे, खरं अंतर किलोमीटरमध्ये असतं. पुढे संशोधनाला लागलो की अंतराचा एक कॉलम तयारच मिळतो आणि त्यावर प्रश्न विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

मीही विचारला नव्हता. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक छोटा सराव करत होते. लांब पल्ल्याच्या विमानांचा प्रवासाचा वेळ घ्यायचा, दोन विमानतळांमधल्या अंतराला त्याने भागायचं, सरासरी वेग काढायचा आणि त्यावरून वरच्या हवेतल्या वाऱ्यांबद्दल काही अंदाज बांधता येतो का ते पाहायचं. हेलसिंकी–टोकियोच्या ओळींमध्ये काही नोंदी विचित्र दिसल्या. जुन्या नोंदींत वेग ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास होता, २०२२ नंतरच्या नोंदींत तो सहाशेवर आला होता. आधुनिक जेट विमान ताशी सहाशेने रांगत जात नाही. मी काय केलं? त्या ओळी आउटलायर म्हणून काढून टाकल्या. ग्राफ छान सरळ आला.

गाईडसरांनी ग्राफ बघितला आणि एकच प्रश्न विचारला : "हे अंतर कुणी उडून पाहिलंय का?"

आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय. तुमचा विषय विमानांचा नसेल, पण डेटात असा एखादा "निर्विवाद" कॉलम नक्की असेल. तो कुठून येतो हे एका उदाहरणातून पाहू.

आधी आकडा काढू

हेलसिंकीचा विमानतळ साधारण ६०.३ अंश उत्तर अक्षांश आणि २५.० अंश पूर्व रेखांशावर आहे. टोकियोचा नारिता विमानतळ ३५.८ अंश उत्तर आणि १४०.४ अंश पूर्व. पृथ्वी गोल धरली तर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. म्हणजे दोन्ही बिंदू आणि पृथ्वीचा केंद्रबिंदू यांतून कापणारी पातळी घ्यायची आणि ती पृष्ठभागाला जिथे छेदते तो कंस मोजायचा.

सूत्र सोपं आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा (११५.४ अंश) कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवा. उत्तर येतं साधारण ०.३३६. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन म्हणजे ७०.४ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले तर अंतर होतं सुमारे ७,८३० किमी. कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

जवळजवळच्या बिंदूंसाठी हे कोसाइनचं सूत्र त्रास देतं, कारण उत्तर १ च्या इतकं जवळ येतं की पुढचे दशांश हातातून निसटतात. म्हणून नाविक लोक हॅव्हरसाइन वापरायचे. हा शब्द जेम्स इनमन यांनी १८३५ साली रूढ केला आणि त्याची कोष्टकं जहाजांवर असायची. पुढे १९७५ मध्ये थॅडियस व्हिन्सेंटी यांनी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे धरून अंतर काढायची पद्धत दिली. हेलसिंकी–टोकियोसाठी या सगळ्या पद्धतींच्या उत्तरांत फार तर काही दहा किलोमीटरचा फरक पडतो. सूत्र कुठलं वापरायचं यावर आपण तासन् तास वाद घालतो, पण चूक तिथे नव्हतीच. माझ्या ग्राफमधली चूक हजारो किलोमीटरची होती.

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. हेलसिंकीहून टोकियो आग्नेयेला दिसतं. पण बृहद्वृत्तावरून जाणारं विमान हेलसिंकीहून निघतं ते ईशान्येकडे, साधारण ५१ अंशांच्या दिशेने. ते चढत चढत ६७ अंश अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या किंचित वर जातं आणि मग सायबेरियावरून खाली उतरतं. मर्केटरने १५६९ साली काढलेल्या प्रकारच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर तोच प्रवास सुमारे ८,८०० किमीचा होतो. पट्टीची रेघ सरळ दिसते खरी, पण ती साडेनऊशे किलोमीटर जास्त लांब आहे.

इथपर्यंतचा भाग भूमितीचा. तो १५६९ मध्ये जेवढा खरा होता तेवढाच आजही आहे. पण या बृहद्वृत्ताचा जवळजवळ सगळा जमिनीवरचा भाग एकाच देशावरून जातो, आणि इतिहास तिथूनच सुरू होतो.

वरची हवा कुणाची?

१९४४ साली शिकागोला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक राष्ट्राचं आपल्या भूभागावरच्या हवेवर पूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व आहे. त्याच परिषदेत एक वेगळा करारही झाला. त्यात सही करणारे देश एकमेकांच्या नियमित विमानसेवांना न उतरता वरून जायची मुभा देतात. सोव्हिएत संघ या दुसऱ्या करारात आला नाही, आणि आजचा रशियाही त्यात नाही. त्यामुळे सायबेरियावरून जायचं तर दर वेळी स्वतंत्र बोलणी, स्वतंत्र परवानगी आणि त्याची किंमत.

युद्धानंतरच्या दशकात युरोपातून जपानला जायचं तर विमानं दक्षिणेकडून जायची. भूमध्य समुद्र, मध्यपूर्व, भारतीय उपखंड, आग्नेय आशिया आणि मग वर जपान. कराची, दिल्ली, कलकत्ता ही त्या वाटेवरची उतरण्याची ठिकाणं होती. स्कँडिनेव्हियातून टोकियोला पोहोचायला पन्नास तासांच्या आसपास लागायचे. कुणी तेव्हा "कोपनहेगन–टोकियो किती लांब?" असं विचारलं असतं, तर "दोन दिवस" हे उत्तर अगदी प्रामाणिक ठरलं असतं.

२४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स सिस्टिमने कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोला सेवा सुरू केली. एक डीसी-७सी विमान कोपनहेगनहून निघालं आणि दुसरं टोकियोहून. प्रवासाचा वेळ सुमारे ३२ तासांवर आला. नकाशावर बघितलं तर हा मार्ग वेडेपणाचा वाटतो : टोकियोला जायला अलास्का! पण पृथ्वीगोल हातात घेऊन दोरा लावून बघा. उत्तरेकडचा वळसा दक्षिणेकडच्या वळशापेक्षा खूपच लहान आहे.

ध्रुवावर होकायंत्र काय सांगतं?

अंतर कमी झालं खरं, पण ध्रुवाजवळ विमान नेणं हा भौतिकशास्त्राचा पेपर होता. होकायंत्राची सुई चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकावर चालते. चुंबकीय ध्रुवाजवळ क्षेत्र जवळपास उभं होतं, आडवा घटक उरत नाही आणि सुई भरकटते. बरं, "उत्तरेला चला" या वाक्यालाही तिथे अर्थ उरत नाही, कारण सगळी रेखावृत्तं एका बिंदूत मिळतात. सरळ उडणाऱ्या विमानाची "खरी दिशा" ध्रुव ओलांडताना क्षणात उत्तरेची दक्षिण होते.

यावर उपाय म्हणून नकाशावर रेखावृत्तांऐवजी समांतर रेघांची चौकट टाकली आणि दिशा त्या चौकटीच्या संदर्भात मोजली. याला ग्रिड नेव्हिगेशन म्हणतात. दिशा धरून ठेवायला जायरोस्कोप वापरले, पण जायरोही हळूहळू सरकतो, म्हणून अधूनमधून आकाश बघून तो तपासायचा. सूर्य क्षितिजाच्या थोडा खाली असेल आणि ताराही दिसत नसेल, तर आकाशातल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून सूर्याची दिशा काढणारं उपकरण वापरायचे. एमएस्सीला आपण पोलरायझेशनचं गणित करतो तेव्हा कुणी सांगत नाही की या गणिताच्या भरवशावर माणसं आर्क्टिकवरून गेली आहेत.

दिशा इतकी का जपायची? साधा हिशोब करू. ४,५०० किलोमीटरच्या टप्प्यावर दिशेत एका अंशाची चूक झाली तर शेवटी तुम्ही साधारण ७८ किलोमीटर बाजूला असता. समुद्रावर ती चूक सुधारता येते. सीमेजवळ ती माणसांच्या जिवावर बेतते.

आणि ती बेतली. २० एप्रिल १९७८ रोजी पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ९०२ क्रमांकाचं विमान आर्क्टिकवर दिशा चुकून वळलं आणि मुर्मान्स्कजवळ सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्याच्यावर क्षेपणास्त्र सोडलं गेलं. वैमानिकाने गोठलेल्या तळ्यावर विमान उतरवलं, दोन प्रवासी दगावले. पाच वर्षांनी, १ सप्टेंबर १९८३ रोजी, त्याच कंपनीचं ००७ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून अँकरेजला थांबून सोलला जात होतं. नंतरच्या तपासात असं दिसलं की ऑटोपायलट दिक्चालन यंत्रणेला जोडला गेलाच नव्हता, विमान एकच चुंबकीय दिशा धरून चाललं होतं. ते हळूहळू मार्गापासून दूर सरकत गेलं, कामचाटकावरून गेलं आणि सखालिनजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. २६९ जण गेले.

या घटनेनंतर दोन आठवड्यांत अमेरिकेने जाहीर केलं की तयार होत असलेली जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही वापरता येईल. तुमच्या फोनवरचा निळा ठिपका या गोष्टीशी जोडलेला आहे. आपण ज्याला "निव्वळ अंतर" म्हणतो, ते न तुडवता आल्यामुळे घेतलेल्या वळशावर हे २६९ लोक होते, हे मी आता विसरू शकत नाही.

अँकरेजचे दिवस आणि फिनएअरची उडी

सोव्हिएत संघाने दार अगदीच बंद ठेवलं नव्हतं. १९६७ साली जपान एअरलाइन्स आणि एरोफ्लोट यांनी मिळून टोकियो–मॉस्को सेवा सुरू केली, तीही सोव्हिएत टू-११४ विमानाने. १९७० पासून जपान एअरलाइन्सला आपली विमानं मॉस्कोमार्गे युरोपात नेता येऊ लागली. पण अशा परवानग्या मोजक्या होत्या, मॉस्कोत उतरायची अट होती आणि पैसे मोजावे लागत. युरोप–जपान वाहतुकीचा मोठा भाग अँकरेजमार्गेच राहिला. मध्यरात्री विमान इंधन भरायला थांबायचं आणि लोक विमानतळावर पाय मोकळे करायचे. तिथे जपानी प्रवाशांसाठी उडोन नूडल्सचं दुकान होतं आणि त्याची आठवण जुने प्रवासी अजून काढतात. अलास्कातल्या एका शहराची ओळख दुसऱ्याच देशाच्या हवाई हद्दीने घडवली.

मग २२ एप्रिल १९८३ रोजी फिनलंडच्या फिनएअरने हेलसिंकी–टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. पश्चिम युरोपातून जपानला न थांबता जाणारी ती पहिली विमानसेवा. विमान होतं डीसी-१०, लांब पल्ल्यासाठी जादा इंधनटाकी बसवलेलं. ते हेलसिंकीहून थेट उत्तरेला जाऊन उत्तर ध्रुव ओलांडायचं, अलास्का आणि चुकोत्का यांच्यामधल्या बेरिंग सामुद्रधुनीकडे उतरायचं आणि पॅसिफिकवरून टोकियो गाठायचं. वेळ लागायचा सुमारे तेरा तास. तीन इंजिनं असल्याचा फायदा होता, कारण दोन इंजिनांच्या विमानांना तेव्हा उतरण्याजोग्या विमानतळापासून फार दूर जायची परवानगी नसे.

तारखा जुळवून बघा. ही सेवा सुरू होऊन सव्वाचार महिने झाले होते तेव्हा ००७ पाडलं गेलं, आणि दोन्ही मार्ग त्याच समुद्राच्या काठाने जात होते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत धोरण सैल झालं, नंतर सोव्हिएत संघच राहिला नाही. सायबेरिया खुला झाला, अर्थात शुल्क देऊन. हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवर आलं. अँकरेजचे प्रवासी गेले, तिथे मालवाहू विमानं उरली. फिनलंडच्या दृष्टीने तर हे वरदान होतं. हेलसिंकी ही युरोपातली अशी राजधानी आहे जी पूर्व आशियाच्या बृहद्वृत्ताच्या अगदी तोंडाशी आहे. फिनएअरने पुढची दोन-तीन दशकं आपला धंदा याच भूमितीवर उभारला : युरोपातल्या कुठूनही हेलसिंकीला या, इथून आशिया सगळ्यात जवळ.

सगळ्यांना वाटलं, आता हे अंतर ७,८३० किमीच राहणार.

पुन्हा तेरा तास

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. तीन-चार दिवसांत युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि रशियाने उलट ३६ देशांच्या विमानांना आपली. फिनएअरने टोकियोची सेवा काही दिवस थांबवली आणि ९ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू केली. या वेळी कर्मचाऱ्यांनी जुना ध्रुवीय मार्ग परत बाहेर काढला. विमान आता एअरबस ए-३५०, इंजिनं दोन, जीपीएस सोबत. पण वेळ पुन्हा तेराच तास.

आता माझ्या काढून टाकलेल्या ओळींकडे या. ७,८३० ला १३ ने भागलं की ६०२ येतं. विमान रांगत नव्हतं, ते वेगळ्याच वाटेने जात होतं. ती वाट किती लांब? तीन टप्पे करू.

हेलसिंकी ते ध्रुव : २९.७ अंश, म्हणजे सुमारे ३,३०० किमी.

ध्रुव ते बेरिंग सामुद्रधुनी : २४.२ अंश, म्हणजे सुमारे २,६९० किमी.

बेरिंग सामुद्रधुनी ते टोकियो : सरळ मोजलं तर सुमारे ४,६६० किमी.

बेरीज १०,६५० किमी. तेराने भागा. ताशी ८१९. जुन्या मार्गाचा वेग होता ७,८३० भागिले ९.५, म्हणजे ८२४. आउटलायर गायब!

इथे मी अर्धा दिवस खुशीत होते. मग लक्षात आलं की हेही उत्तर जरा जास्तच गोड आहे. बेरिंग ते टोकियो ही सरळ रेषा कामचाटकावरून जाते, म्हणजे पुन्हा रशियाच. विमानाला तिथून पूर्वेला सरकावंच लागणार. तेव्हा १०,६५० ही किमान मर्यादा आहे, प्रत्यक्ष मार्ग याहून लांबच असणार. शिवाय वेळापत्रकातला वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात येतं. किमान अंतराला जास्तीत जास्त वेळाने भागून आलेले दोन आकडे जुळले, तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. मी चुकीच्या दिशेने जात नव्हते एवढंच त्यातून कळतं. उत्तर जुळलं की तपासणी थांबवायची सवय आपल्याला परीक्षांनी लावली आहे, संशोधनात ती मोडावी लागते.

आणि वारा?

माझा मूळ विषय वारा होता, तो राहूनच गेला. तोही याच मार्गावर आहे.

रशिया खुला होता तेव्हाही टोकियोहून हेलसिंकीला यायला जाण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. कारण मध्य अक्षांशांत नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, जेट स्ट्रीम. जपानवर हिवाळ्यात ते विशेष प्रबळ असतात. १९२० च्या दशकात टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओईशी फुगे सोडून थिओडोलाइटने त्यांचा माग काढत होते. त्यांना वर सेकंदाला ७० मीटरच्या घरातले, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरचे वारे मिळाले. १९२६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तेही एस्पेरांतो भाषेत, जगभर वाचलं जावं म्हणून. बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्यांनी गोंधळात टाकलं, तेव्हा त्यांची दखल घेतली गेली. जो आकडा अठरा वर्षं छापील स्वरूपात होता, तो लोकांना युद्धात अंगावर घेऊन शिकावा लागला.

आज युरोप–जपान मार्गावर या वाऱ्यामुळे एक गंमत दिसते. पूर्वेकडे जाताना विमानं बऱ्याचदा तुर्कस्तान, कॉकेशस, कझाकस्तान, चीन असा दक्षिणेचा मार्ग घेतात, कारण वारा पाठीशी असतो. परतताना तोच वारा समोरून येतो, म्हणून कित्येकदा पॅसिफिक–अलास्का–आर्क्टिक असा उत्तरेचा मार्ग पत्करतात. म्हणजे जाण्याचं आणि येण्याचं अंतर वेगळं! गणिताच्या वर्गात अंतराची पहिली अट शिकवतात : अ ते ब आणि ब ते अ सारखंच असलं पाहिजे. विमानाच्या इंधनटाकीला ही अट माहीत नसते.

तुमच्या कॉलमला विचारायचे प्रश्न

या सगळ्यातून मी माझ्यासाठी तीन प्रश्न लिहून ठेवले. तुम्हाला उपयोगी पडले तर घ्या.

पहिला : हा आकडा मोजलेला आहे की काढलेला? विमानतळांमधलं "अंतर" बहुतेक ठिकाणी अक्षांश-रेखांशावरून सूत्राने काढलेलं असतं. कुणी ते उडून मोजलेलं नसतं. इंधन किंवा उत्सर्जन याच आकड्यावरून काढलं, तर २०२२ नंतरच्या हेलसिंकी–टोकियोचं उत्सर्जन कागदावर तेवढंच राहील, प्रत्यक्षात मात्र किमान एक-तृतीयांश जास्त अंतर कापलं गेलं असेल. या फरकावर एखादं धोरण ठरू शकतं, म्हणून ही बाब बारीक नाही.

दुसरा : हा आकडा कुठल्या वर्षीचा आहे? ७,८३० ला तारीख लागत नाही, पण प्रवासाच्या वेळाला लागते. १९८३ चे तेरा, मधल्या काळातले साडेनऊ आणि २०२२ चे पुन्हा तेरा, हे तीन आकडे एका सरासरीत टाकले की साडेअकरा-बारा असा वेळ मिळतो, आणि त्या वेळात कुठलंच विमान कधी गेलेलं नसतं. याच जातीची दुसरी चूक घड्याळाची. जपान उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, फिनलंड करतं. त्यामुळे दोन शहरांतला फरक कधी सहा तास तर कधी सात. स्थानिक वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणाऱ्याने हे तपासलं नाही, तर वर्षातून दोनदा त्याच्या विमानाचा वेग अचानक बदललेला दिसेल.

तिसरा : जी ओळ मला काढून टाकावीशी वाटते, तिचं कारण मला सांगता येतं का? यंत्र बिघडलं होतं, टंकनचूक होती, ही कारणं चालतात. "ग्राफ सरळ येत नाही" हे कारण नाही. मी ज्या ओळी काढल्या त्यांत टंकनचूक एकही नव्हती. त्यांच्यात एक बंद झालेली सीमा होती.

त्या ओळी मी परत घातल्या. ग्राफ आता दोन तुकड्यांत आहे, मध्ये फेब्रुवारी २०२२ ची उभी रेघ आहे, आणि वाऱ्यांबद्दलचा माझा निष्कर्ष आधीपेक्षा बराच सौम्य झाला आहे. गाईडसर म्हणाले, "आता बरं दिसतंय." खरं तर आधीच जास्त चांगलं दिसत होतं, पण त्यांचं म्हणणं मला कळलं.

जाता जाता एक गृहपाठ. मुंबई–लंडनचं बृहद्वृत्तावरचं अंतर काढा. ते साधारण ७,२०० किमी यायला हवं. मग ते वृत्त कुठल्या कुठल्या देशांवरून जातं ते पृथ्वीगोलावर दोरा लावून बघा आणि त्यांपैकी कुणाची हवाई हद्द गेल्या काही वर्षांत कुणाला कधी बंद होती याची यादी करा. यादी पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा स्वतःला विचारा, मुंबईहून लंडन किती लांब आहे?